वसंत शेजारच्या अंगणात

बोरिवली पश्चिमेचा रस्ता जिथे खाडीशी संपतो, त्या टोकाला आमची गोराई वसाहत आहे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यानं चारकोप आणि गोराईत छोट्या भूखंडांची योजना राबवली गेली. तीस-पस्तीस घरांची एक सोसायटी आणि घरांच्या मधोमध सामाईक अंगण, अशी तिची मांडणी होती. पुढे घरांवर मजले चढले, गाड्या वाढल्या, तरी बरीच अंगणं टिकली. हळदीकुंकू, सत्यनारायण, आंबेडकर जयंतीचं गायन, लेझमीची तालीम हे सगळं त्याच फरशीवर होतं. खाडीपलीकडे गोराई गाव आहे. तिथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळी घरं, जुनं चर्च आणि अलीकडच्या काळात उभा राहिलेला पॅगोडा.

लग्न होऊन मी या वसाहतीत आले, आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीचं काम करत आले आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचे महिने मला वर्षातले सर्वांत श्रीमंत महिने वाटतात. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव झाला की शहरातला कलेचा हंगाम सरला, असं अनेकांना वाटतं. आमच्याकडे तो तेव्हा सुरू होतो. गळे, वाद्यं आणि जागा या तिन्हींना उपनगरात तोटा नाही. तोटा आहे तो आपलं अंगण सोडून दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसणाऱ्या श्रोत्यांचा. इतक्या वर्षांत जे शिकले, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

१. कार्यक्रम ठरवण्याआधी चंद्र पाहा

आमच्या वसंतातल्या मोठ्या संध्याकाळी तीन पौर्णिमांभोवती येतात. फाल्गुनी पुनवेला होळी, चैत्रीला हनुमान जयंती, वैशाखीला बुद्ध पौर्णिमा. पाडवा अमावास्या सरल्यावर येतो. आंबेडकर जयंती तेवढी १४ एप्रिलला पक्की. ईस्टरचा रविवारही चंद्रावरच ठरतो : २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणून बहुतेक वर्षी ईस्टर चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो, पण एखाद्या वर्षी तो होळीच्या मागे लागतो. २०२४ मध्ये २४ मार्चच्या रात्री होळी पेटली आणि ३१ मार्चला ईस्टर झाला.

हे गणित माहीत असलं की अर्धं आयोजन सोपं होतं, कारण मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला आणि बँडवाला सगळ्यांचे तेच असतात. दोन सण एकाच आठवड्यात आले की जो आधी बोलतो त्यालाच ते मिळतात. मी माघ संपता संपता पंचांग, चर्चमधली सूचना आणि नाट्यगृहाच्या जाहिराती समोर ठेवून एका कागदावर सगळं उतरवते.

खाडीपलीकडे जायचं असेल तर भरती-ओहोटीही पाहावी लागते. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पुनवेच्या संध्याकाळी ओहोटी, आणि ओहोटीत धक्क्याजवळचा चिखल उघडा पडतो. सोबत वयस्कर माणसं असतील तर त्या वेळी फेरीबोटीत चढता-उतरताना त्यांचा हात धरायला कुणीतरी हवं. गाडीनं जायचं तर भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा आहे. ही माहिती आमंत्रणपत्रिकेवर कुणी छापत नाही, म्हणून ती शेजाऱ्यांना आपण सांगायची.

२. होळीला पाय पाहा आणि गळे ऐका

मुंबईतल्या अनेक कोळीवाड्यांत होळी बाकी शहराच्या आदल्या रात्री पेटते. वेसावे, वरळी, किनाऱ्यावरचे लहान-मोठे वाडे त्या रात्री जागे असतात. बायका ठेवणीतली लुगडी नेसतात, अंगभर दागिने घालतात, आणि होळीच्या झाडाभोवती फेर सुरू होतो. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात. दर्या, होडी, माहेर, समुद्रावर गेलेला घरधनी, कार्ल्याची एकवीरा आई, हे सगळं त्या ओळींत येतं.

वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ या संचानं कोळीगीतं कॅसेटवर नेली आणि ती महाराष्ट्रभर लग्नांच्या वरातींत पोचली. त्यामुळे आपल्या कानाला कोळीगीत म्हणजे एक ठरलेला, उडता ठेका, अशी सवय झाली आहे. वाड्यातलं गाणं मात्र फेराच्या पावलांनी चालतं. वय झालेली बाई फेरात असली की गाणं संथ होतं, तरण्या पोरी आल्या की वेग वाढतो. म्हणून मी आधी पायांकडे पाहते. पाय कळले की लय कळते. सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या जवळ उभं राहते, कारण जुन्या ओळी तिच्याकडेच असतात, आणि तिचा आवाज बारीक असतो. फोन वर करण्याआधी विचारते. विचारलं की बहुतेक वेळा होकार मिळतो, आणि कुणी ‘ये गो, फेरात ये’ म्हणालं तर फोन पिशवीत टाकून जायचं.

वसंतातला जाळ आपल्यापुरता नाही. माझा भाचा एडिंबराला शिकायला होता. तिथे ३० एप्रिलच्या रात्री कॅल्टन हिलवर बेल्टन अग्नि-उत्सव होतो. जुन्या केल्टिक सणावरून १९८८ मध्ये तो नव्यानं सुरू झाला. अंगाला रंग फासलेली माणसं, ढोल, मशाली, आणि हिवाळा गेल्याचा आनंद. भाच्यानं फोनवर त्या ढोलांचा आवाज ऐकवला तेव्हा मला एक गोष्ट फार आवडली : तिथेही नाचणारे आणि वाजवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, दिवसा आपापल्या कामाला जाणारे. ज्या शहराचं नाव ऑगस्टमधल्या मोठ्या नाट्यमहोत्सवासाठी जगभर घेतलं जातं, त्या शहरातही वसंत अशा हौशी माणसांच्या बळावर साजरा होतो.

आमच्या वसाहतीतले कोकणी शेजारी या दिवसांत शिमग्याला गावी जातात. पालखी नाचवून परतले की त्यांच्याकडून नमन या लोकनाट्याची हकिकत ऐकावी. गण, गवळण, संकासुर आणि शेवटी वग. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांची नमन मंडळं इथल्या नाट्यगृहांतही प्रयोग लावतात. मृदंगाच्या त्या साथीसाठी रात्र जागायला माझी केव्हाही तयारी असते.

३. ढोलाची तालीम पाहा, मग यात्रा पाहा

पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानानं सुरू केली. आज ती पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत सगळीकडे निघते. नथ, फेटा, बुलेट यांचे फोटो सर्वांनी पाहिले आहेत. माझं मन ढोल-ताशा पथकाच्या तालमीत जास्त रमतं.

तालीम पाडव्याच्या कितीतरी आधी मोकळ्या मैदानात सुरू होते. मुलं-मुली आधी ढोल ताणतात. मग एका पानावर टिपरू आणि दुसऱ्यावर हाताची थाप, असा एकेक हात बसवला जातो. यात्रेत आपल्याला फक्त गडगडाट ऐकू येतो. तालमीत तो सुटा होऊन ऐकू येतो. चूक झाली की सगळे थांबतात, पुन्हा पहिल्यापासून धरतात, आणि त्या थांबण्या-धरण्यात ठेका कसा बांधलाय ते कळतं. ढोल वजन देतो, पण बदलाचा इशारा ताशाकडून येतो. ताशाची बारीक तडतड ओळखता आली की पुढचा हात कधी पालटणार हे आधीच कळू लागतं आणि ऐकण्यातली गंमत कितीतरी वाढते.

आयोजकांना माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. ढोलपथक आणि लेझीम यांच्यामध्ये किमान एका चौकाचं अंतर ठेवा. लेझमीच्या चकत्यांचा आवाज नाजूक असतो. ढोलाच्या पाठीला पाठ लावून लेझीम उभी केली की मुलं नुसतीच हात हलवताना दिसतात, आणि महिनाभराची त्यांची मेहनत कुणाच्याच कानावर पडत नाही. टाळकऱ्यांचं आणि भजनी मंडळाचंही तसंच. आम्ही क्रम बदलला, सर्वांत पुढे भजन, मग लेझीम आणि शेवटी ढोल असा लावला, त्या वर्षापासून रस्त्याच्या कडेला उभे राहणारे लोक प्रत्येक पथकाला वेगळी दाद देऊ लागले. लहान बाळं आणि आजारी माणसं असलेल्या घरांसमोर पथकानं न वाजवता पुढे जावं, हेही आम्ही तालमीतच सांगून ठेवतो.

४. जयंतीच्या रात्री शेवटचं कडवं ऐका

१४ एप्रिलच्या आसपास गोराई-चारकोपच्या कितीतरी अंगणांत गायन पार्ट्या बसतात. पेटी, ढोलकी, तबला, झांज, दोन-तीन कोरस आणि समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं. काही ठिकाणी दोन पार्ट्यांचा सामना रंगतो.

या गाण्यामागे मोठी परंपरा उभी आहे. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाची चौकट घेतली, तिच्यात नवा विचार भरला आणि बाबासाहेबांची चळवळ गावोगावी नेली. पुढे वामनदादा कर्डकांनी तो वारसा चालवला. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत त्यांचा जन्म झाला, आणि २००४ मध्ये जाईपर्यंत ते गावोगाव फिरून लिहीत-गात राहिले. विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजांनी ही गाणी घराघरांत नेली. २० मार्च १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, संविधान, शाळा, रमाई, हे विषय या गाण्यांत पुन्हा पुन्हा येतात. महाडचा तो दिवसही वसंतातलाच, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

बाहेरून येणारे पाहुणे हार घालून, दोन गाणी ऐकून उठतात. माझा सल्ला असा की शेवटचं कडवं होईपर्यंत उठू नका. या परंपरेत कवी आपलं नाव अनेकदा शेवटच्या कडव्यात गुंफतो, त्यामुळे गाणं कुणाचं ते तिथेच कळतं. गाण्याचा मुद्दाही तिथेच येऊन टेकतो. आधीच्या कडव्यांत गायक श्रोत्यांना विश्वासात घेत असतो, एकेक ओळ दोनदा-तीनदा फिरवून सांगत असतो. शेवटच्या कडव्यात तो थेट विचारतो, की आता तुम्ही काय करणार? तो प्रश्न ऐकण्याआधीच उठून जाणं म्हणजे ज्या कारणासाठी गाणं लिहिलं तेच सोडून देणं. बाजूला पुस्तकांचं टेबल असेल तर तिथून एक पुस्तक घेऊन घरी जावं. पुस्तकांवर इतकं प्रेम करणाऱ्या माणसाची जयंती साजरी करण्याची याहून योग्य रीत मला माहीत नाही.

५. प्रार्थनेला कार्यक्रम समजू नका

गोराई गावातला ईस्टरआधीचा पवित्र आठवडा झावळ्यांच्या रविवारी सुरू होतो. गुरुवारी प्रभुभोजनाची आठवण, शुक्रवारी क्रूसाची वाट, शनिवारी रात्री नवा अग्नी आणि रविवारी पुनरुत्थान. इथल्या ईस्ट इंडियन घरांतली बोली मराठीच आहे, तिचे हेल उत्तर कोकणातले. समाजानं ईस्ट इंडियन हे नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं. गाणी आणि म्हणी त्याहून कितीतरी जुन्या आहेत.

ख्रिस्ताची कथा मराठीत गाण्याची परंपरा चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ. ज्या छंदात ज्ञानेश्वरी आहे, त्याच छंदात येशूचं चरित्र. गोव्यातल्या चर्चमध्ये ते दीर्घकाळ गायलं जात असे. वसईपासून गोराईपर्यंतची मराठी भक्तिगीतं ऐकताना हा इतिहास मनात असला, की आपण परक्या घरी आलो आहोत असं वाटत नाही.

शुक्रवारची उपासना मला संगीताच्या दृष्टीनंही फार मोलाची वाटते. गुरुवारच्या उपासनेनंतर घंटा वाजत नाहीत. त्याऐवजी लाकडावर लाकूड आपटून ठकठक केली जाते. वाद्यंही गप्प असतात, फक्त गळे उरतात. एरवी पेटीच्या किंवा ऑर्गनच्या आधारानं चालणारे सूर त्या दिवशी उघडे ऐकू येतात, थोडे कापरे, थोडे मागेपुढे, आणि म्हणून फार खरे. मग शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटतो, मेणबत्तीनं मेणबत्ती लागत जाते आणि घंटा पुन्हा घणघणतात. दोन दिवसांच्या शांततेनंतर तो नाद अंगावर काटा आणतो.

इथे एक नियम मी कटाक्षानं पाळते आणि सोबत नेलेल्यांनाही सांगते. मागच्या बाकावर बसायचं, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, फोटो काढायचे नाहीत, आणि प्रसाद समजून पवित्र भाकर घ्यायला पुढे जायचं नाही, कारण तो संस्कार त्यांच्या श्रद्धेचा आहे. उपासना संपल्यावर ओळखीच्या मावशी-काकांशी दोन शब्द बोलायचे. त्यातूनच पुढचं आमंत्रण येतं. उपवासकाळात या समाजात लग्नं होत नाहीत. ईस्टरनंतर ती सुरू होतात, आणि मग उंबराच्या पाण्याला विहिरीवर निघालेल्या बायका, पुढे ब्रास बँड आणि मागे लग्नगीतं, असं सगळं ऐकायला मिळतं. शुक्रवारी शांत बसलेल्या माणसाला ते लग्नाच्या अंगणात प्रेमानं बोलावतात.

६. नाटकाला मार्चमध्ये जा

प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह बोरिवलीत आहे, दीनानाथ पार्ल्याला, कालिदास मुलुंडला. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ पासून प्रयोग करतंय. रविवारी अनेक कलावंत दुपारचा प्रयोग एका नाट्यगृहात आणि रात्रीचा दुसऱ्या टोकाला करतात. मधल्या वेळात नेपथ्याचा टेम्पो पुढे पळतो आणि ते जेवण गाडीत उरकतात.

मार्च हा नाटकवाल्यांसाठी कठीण महिना. परीक्षा असतात, पालक घराबाहेर पडत नाहीत. २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन येतो, समाजमाध्यमांवर शुभेच्छा फिरतात, आणि त्याच आठवड्यात प्लॅनवर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसतात. रंगभूमीवर आपलं प्रेम असेल तर ते याच महिन्यात दाखवावं. तिकीट काढावं, तेही नवीन लेखकाच्या नाटकाचं. पुढच्या रांगेतल्या जागा या दिवसांत सहज मिळतात. तिसऱ्या घंटेच्या आधी बसावं. पडदा उघडतानाचं पहिलं अर्धं मिनिट, प्रकाश हळूहळू चढताना नेपथ्याची एकेक वस्तू दिसू लागते तो क्षण, उशिरा येणाऱ्याला परत मिळत नाही. मध्यंतरात वडा-चहा घेताना अनोळखी माणसाला ‘कसं वाटतंय?’ असं विचारून पाहावं. नाट्यगृहाच्या व्हरांड्यात मी ऐकलेली समीक्षा छापील समीक्षेइतकीच धारदार असते.

एप्रिल-मेमध्ये चित्र पालटतं. बालनाट्यांचे प्रयोग लागतात आणि मुलांच्या आरोळ्यांनी नाट्यगृह दुमदुमतं. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ याचं उत्तम उदाहरण. त्यातली चेटकीण एका पिढीनं दिलीप प्रभावळकरांच्या रूपात पाहिली, पुढच्या पिढीनं वैभव मांगल्यांच्या. आजी, आई आणि नातू तिघांनाही तीच चेटकीण आठवते, अशी गोष्ट मराठीत फार थोड्या नाटकांच्या वाट्याला आली आहे.

७. व्याख्यानाला वही घेऊन बसा

वसंतात ऐकण्याची आपली सर्वांत जुनी नागर परंपरा म्हणजे व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तिचा कित्ता महाराष्ट्रभर गिरवला गेला. आमच्या उपनगरातही जागोजागी त्या होतात. मोकळं मैदान, संध्याकाळचा खाडीवरचा वारा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दीड तास एका विषयावर बोलणारा माणूस.

मी वहीत तीनच गोष्टी लिहिते : एक नवी माहिती, एक न पटलेला मुद्दा आणि एक प्रश्न. शेवटी हात वर करायचा तो प्रश्नासाठी. प्रश्न दोन वाक्यांत संपवायचा. वक्त्याला खरा प्रश्न मिळाला की व्याख्यानात न आलेलं बरंच काही त्याच्याकडून निघतं, आणि ती दहा मिनिटं साऱ्या संध्याकाळची कमाई ठरतात.

८. मानधन आधी सांगा, वेळेत थांबा

समितीचं काम करणाऱ्यांसाठी हा धडा आहे. कलाकाराला बोलावताना तारीख, वेळ, जागा आणि मानधन एकाच संभाषणात सांगावं. ‘बघू नंतर’ हे शब्द उच्चारू नयेत. हौशी कलाकारालाही पाकीट द्यावं, कारण तालमीला येण्याचा रिक्षाचा खर्च त्यानं केलेला असतो. वर्गणीतून सजावटीला पैसे पुरतात आणि ढोलकीवाल्याला पुरत नाहीत, असं होत असेल तर फुलांच्या कमानी कमी कराव्यात. ज्याचा हात ऐकायला माणसं जमतात, त्याचा खर्च यादीत पहिला लिहावा.

आवाजाचा नियमही तोंडपाठ हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक आणि वाद्यं बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. आपला दिवस त्या यादीत आहे का, हे आधीच पाहून ठेवावं. आम्ही मुख्य गायकाला साडेआठला बसवतो. भाषणं आणि सत्कार आधी उरकतो, तेही थोडक्यात. त्यामुळे गाणं रंगात आलं असताना कुणाला हात जोडून थांबवावं लागत नाही. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करून, कुणाच्या तरी घरात बंद दारांआड पेटी-ढोलकीवर, अगदी जवळ बसून झालेली बैठक हाच अनेकदा त्या रात्रीचा उत्तम भाग ठरतो. तीही हळू आवाजात आणि शेजाऱ्यांना विचारूनच.

९. कानाला विसावा द्या

ढोल, बँड आणि ध्वनिक्षेपकांचे दोन महिने सरले की वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास मी खाडी ओलांडून पॅगोड्याला जाते. यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर तो बांधला आहे. २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मंडाल्यात जन्मलेल्या सत्यनारायण गोयंका गुरुजींनी आपल्या गुरूंकडून मिळालेली विपश्यना भारतात परत आणली, त्या ऋणाची ही वास्तू. आतल्या घुमटाखाली एकही खांब नाही. एकमेकांत अडकवलेल्या दगडांवर तो पेललेला आहे, आणि सुमारे ८ हजार माणसं तिथे एकत्र ध्यानाला बसू शकतात. ज्यांनी विपश्यनेचं शिबिर केलेलं नाही ते काचेआडून आत पाहतात.

तिथे ऐकायला काहीच नसतं. पण त्या शांततेतून परत आलं की जेट्टीवरच्या हाका, बोटीच्या इंजिनाचा ठेका, तिवरांतले पक्षी हे सगळे आवाज सुटे सुटे ऐकू येतात. गाणं ऐकणाऱ्या माणसाला असा विसावा हवाच. मग पुढचं गाणं ताज्या कानानं ऐकता येतं.

कान विसावले असताना डोळ्यांनाही काम हवं. खाडीच्या अलीकडे, आयसी कॉलनीजवळ मंडपेश्वर लेणी आहेत. खडकात कोरलेला नाचणारा शिव, आणि वर पोर्तुगीज काळातल्या मठाचे अवशेष. नृत्य शिकणाऱ्या मुलींना मी तिथे नेते. शिवाच्या कंबरेचा बाक आणि खांद्याचा तोल त्यांनी नीट न्याहाळावा आणि मग वर्गात उभं राहावं, एवढंच सांगते. मूर्ती झिजली आहे, तरी तोल अजून शाबूत आहे.

१०. पुढच्या वर्षी पुन्हा जा

एकदा जाणारा पाहुणा असतो. दुसऱ्या वर्षी तोच चेहरा दिसला की माणसं नावानं हाक मारतात, आणि तिसऱ्या वर्षी काम सांगतात. कलेचं खरं शिक्षण त्या कामातून होतं. म्हणून मी मुलांना नुसतं सोबत नेत नाही, त्यांना काही ना काही जबाबदारी देते. कुणी गायन पार्टीच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतो, कुणी लेझमीच्या रांगा लावतं, कुणी व्याख्यानाच्या खुर्च्या पुसतं. खुर्च्या पुसलेला मुलगा व्याख्यानभर चुळबुळ करत नाही, कारण तो कार्यक्रम त्याचा झालेला असतो.

आणि जिथे गेलो त्यांना आपल्याकडे बोलवायचं. गावातला ब्रास बँड एका पाडव्याला आमच्या यात्रेत वाजला. जयंतीला गाणाऱ्या दादांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या मुलांना ढोलकी शिकवली. आमचं भजनी मंडळ खाडीपलीकडच्या एका लग्नघरी जाऊन आलं. यासाठी कुठलाही निधी लागला नाही, कुठलीही परवानगी लागली नाही. आधी आम्ही त्यांच्याकडे जाऊन, शेवटपर्यंत बसून ऐकलं होतं, एवढंच त्याचं कारण.

कलावंताला टाळी हवी असते. पण समोरचा माणूस मागच्या वर्षीही इथेच बसला होता आणि मागच्या वर्षीचं गाणं त्याच्या लक्षात आहे, हे कळल्यावर तो जे गातो, ते टाळीपलीकडचं असतं. आपल्या उपनगरातल्या प्रत्येक गळ्याला असा श्रोता मिळावा अशी माझी इच्छा आहे, आणि तो होणं आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.